बाभळीची बाज

महाराष्ट्रातील लाकूडकामाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा वाड्यांच्या आणि देवळांच्या अनुषंगाने. कोरीव खांब, नक्षीदार तुळया, गणेशपट्टी असलेली दारे यांची वर्णने आपल्याला मिळतात. संग्रहालयांतही जागा मिळते ती नक्षीलाच. जिच्यावर नक्षी नाही, जी झाडाच्या फांदीचा आकार फारसा न बदलता तयार झाली आणि मोडल्यावर चुलीत गेली, त्या वस्तूचा इतिहास मात्र कोणी ठेवला नाही. बीड जिल्ह्यातील बाज, तिवई, घडवंची आणि काटवट या वस्तू याच जातीच्या. ओबडधोबड लाकडाच्या घरगुती सामानाला अलीकडे शहरांत मोठी मागणी आली आहे. अशा वेळी हे सामान मुळात तसे का होते, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

पहिले कारण भूगोलाचे. बालाघाटच्या डोंगररांगा जिल्ह्यातून गेल्या असल्या तरी हा प्रदेश अवर्षणाचा; येथे दाट जंगल जवळजवळ नाहीच. लांब, सरळ सागवान बाहेरून विकत आणावे लागे आणि ते ज्याला परवडे त्याच्या माळवदाच्या तुळयांना लागे. सामान्य कुणब्याच्या हाती होती ती बांधावरची, ओढ्याकाठची, सिंदफणा-मांजरेच्या काळ्या रानातली बाभूळ. बाभूळ सहसा सरळ वाढत नाही. रामकाठी नावाची तिची एक जात सरळसोट असते, परंतु एरवीचे खोड आखूड, वाकडे आणि गाठीचे. अशा झाडाच्या फळ्या पाडणे म्हणजे निम्मे लाकूड वाया घालवणे. म्हणून लाकडाला हवा तो आकार देण्यापेक्षा, हवा तो आकार झाडावरच शोधण्याची रीत पडली. नांगराला लागणारा बाक, जुवाला लागणारा वळसा, तिवईला लागणारे त्रिफळे हे उभ्या झाडावर हेरून ठेवले जात.

तीन पायांचे महत्त्वही येथेच कळते. शेणाने सारवलेली जमीन कधी सपाट नसते. चार पायांची वस्तू तिच्यावर डुगडुगते. तीन पायांची कधीच डुगडुगत नाही, कारण तीन टेके कोणत्याही जमिनीवर एका पातळीत येतात. पाण्याने भरलेली घागर पेलायची असेल, किंवा खळ्यावर उंच उभे राहून धान्य उपणायचे असेल, तर तीनच पाय हवेत. ज्याला आपण ओबडधोबड म्हणतो त्यात असा हिशेब होता.

बाभळीचे लाकूड दोन प्रकारचे असते. बाहेरचे पांढुरके लाकूड किडीला लवकर बळी पडते. आतला तांबूस गाभा मात्र पिढ्यानुपिढ्या टिकतो. कीड लागू नये म्हणून ओंडके काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत होती. पूर्ण वाळलेली बाभूळ इतकी कठीण होते की वाकसाची धार जाते. म्हणून ओल असतानाच ती तासायची. ओलेपणाचा आणखी एक उपयोग असा, की ओल्या पायाच्या भोकात वाळलेला दांडा ठोकला तर पाय वाळताना आकसतो आणि कुसू आवळून धरतो. अशा सांध्याला खिळ्याची गरज पडत नाही.

या वस्तू घरी केलेल्या म्हणायच्या की सुताराने केलेल्या? दोन्ही अंशतः खरे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात सुतार हा अगदी वरच्या मानाचा बलुतेदार. लाकूड शेतकऱ्याचे, हात सुताराचा, आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यात, अशी ही व्यवस्था. बलुते मुख्यतः शेतीच्या अवजारांच्या कामाबद्दल असे. नवी गाडी किंवा घरातले काम यांचा हिशेब बहुधा वेगळा ठरे. त्यामुळे सांगाडा सुताराकडून तासून घ्यावा आणि पुढचे घरी करावे, हे सोयीचे होते. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख काढणे, त्याची दोरी वळणे, बाज विणणे आणि सैल पडली की पायथ्याची दोरी पुन्हा ताणणे ही घरातल्या माणसांची कामे. बाज अशी अर्धी कारागिराची, अर्धी घराची होती.

बाभळीचे एक झाड तोडले की ते गावभर वाटले जाई. गाभा सुताराला, साल कातडे कमावणाऱ्या ढोराला, कोळसा लोहाराच्या भात्याला, काटे कुंपणाला, शेंगा शेळ्यांना. जिवंतपणी तिने दिलेला डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडे आणि तीच बाळंतीण बाभळीच्याच बाजेवर, खाली शेक ठेवून निजे. येथे अमेरिकेतील एका उदाहरणाची तुलना उद्बोधक ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉन्डॅक डोंगरांत धनिकांनी विश्रामगृहे बांधली. त्यांच्यासाठी स्थानिक कारागिरांनी सालीसकट ओंडक्यांच्या खुर्च्या-पलंग केले. साल तिथे शोभेची वस्तू होती, जंगलात राहिल्याचा भास देणारी. बीडच्या गावात साल ठेवणे म्हणजे किडीला घर देणे आणि ढोराच्या कुंडातला माल फुकट घालवणे. दोन्हीकडचे सामान वरवर सारखे दिसते; परंतु एक हौसेतून आले आणि दुसरे काटकसरीतून.

या काटकसरीच्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. बाज ही केवळ बसण्याची वस्तू नव्हती, बसण्याच्या अधिकाराची खूण होती. सुनेने सासऱ्यासमोर बाजेवर बसू नये, दलिताने सवर्णासमोर तर मुळीच बसू नये, हा गावाचा दंडक. ज्याच्या कष्टाने झाडाची साल निघाली, कातडे कमावले गेले, त्याला त्याच झाडाच्या बाजेवर जागा नव्हती. १९७८ साली दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा 'गावगाडा'तल्या त्या शब्दाची दुसरी बाजू मराठी वाचकासमोर आली. बाजेचा इतिहास या दोन्ही पुस्तकांच्या मध्ये कुठेतरी आहे.

ही परंपरा मोडली ती प्लॅस्टिकच्या खुर्चीमुळे, असे सरसकट म्हटले जाते. ते अपुरे आहे. लोखंडी नांगर आला, रबरी टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला, तसतसे सुताराचे शेतीकाम संपत गेले. आणि शेतीकाम संपल्यावर केवळ बाजांवर त्याचे पोट चालणे शक्य नव्हते. दुसरे कारण स्थलांतराचे. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढले, १९७२ च्या दुष्काळाने कोरडवाहू शेतकऱ्याचे कंबरडे मोडले, आणि बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेले कुटुंब उन्हाळ्यापर्यंत फडावरच्या कोपीत राहते. सोबत जातात भांडी, अंथरुणे, कोयते. जड बाज मागेच राहते. घट्ट विणलेल्या बाजेला रोज बसणारा-निजणारा आणि सैल पडताच ताणणारा माणूस लागतो. जे घर वर्षातून निम्मा काळ कुलूपबंद असते, तिथे असे सामान टिकत नाही.

आज अनगड ओंडक्यांची बाके कृषिपर्यटन केंद्रांत आणि महामार्गावरच्या ढाब्यांत दिसतात. घरी हौसेने असे सामान करणारेही आहेत, आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्याला साधेपणाचे प्रतीक समजू नये. ते लाकूड वाकडे राहिले कारण सरळ लाकूड परवडत नव्हते; ते टिकले कारण गावात ते जाणणारा कारागीर आणि दोरी ताणणारे घर होते. आणि त्यावर कोण बसणार, हे लाकूड तोडण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असे. जुनी बाज आज दिवाणखान्यात आणताना, तिच्यावर कोणीही बसू शकते एवढा बदल तरी तिच्यासोबत घरात यावा.