बनावट संग्राह्य टपाल तिकिटे

संग्राहकांना विकण्याच्या हेतूने नक्कल केलेली अथवा फेरफार करून मौल्यवान भासविलेली टपाल तिकिटे. टपाल खात्याचा महसूल बुडविण्यासाठी छापलेली तिकिटे यांहून निराळी होत. लंडनच्या शेअरबाजारातील तारघरात १८७२-७३ मध्ये वापरलेली व १८९८ मध्ये उघडकीस आलेली एक शिलिंगाची तिकिटे या दुसऱ्या वर्गातील असून, गंमत अशी की संग्राहक तीही हौसेने जमवितात.

तिकीटसंग्रहाचा छंद यूरोपात १८६० च्या सुमारास रुजला, तेव्हापासूनच नकलाही होऊ लागल्या. जिनीव्हाचा फ्रांस्वा फूर्न्ये (१८४६–१९१७) आपला माल नक्कल म्हणूनच विकत असे. फसवणूक होई ती पुढच्या हातांत. तेथील संग्राहक-संघाने त्याचा साठा घेऊन १९२८ मध्ये नमुन्यांचे अल्बम केले व उरलेला नष्ट केला.

झां द स्पेराती (१८८४–१९५७) याची रीत अधिक घातक होती. स्वस्त पण अस्सल तिकिटावरील शाई रसायनांनी उडवून त्याच कागदावर तो दुर्मिळ तिकिटाचे चित्र छापी. त्यामुळे कागद, जलचिन्ह, दंतुर कडा आणि पुष्कळदा टपालाचा शिक्काही खराच राही. १९४२ मध्ये त्याने फ्रान्समधून लिस्बनला पाठविलेली तिकिटे जकात अधिकाऱ्यांनी अडविली. तज्ज्ञांनी ती अस्सल ठरविल्याने विनापरवाना मौल्यवान वस्तू बाहेर पाठविल्याचा आरोप त्याच्यावर आला, आणि त्या आपल्याच नकला आहेत हे सिद्ध करण्याची पाळी खुद्द त्याच्यावर आली.

भारतात असा फेरफार मुख्यतः अधिमुद्रणात आढळतो. १९४८ च्या गांधी तिकिटांपैकी गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ ही अक्षरे छापलेली तिकिटे अत्यल्प असल्याने साध्या तिकिटांवर ती अक्षरे खोटी उमटविली जातात.

१९९५ नंतर वाढलेल्या इंटरनेटवरील लिलावांत अशा मालाला मोठी पेठ मिळाली. ग्राहकाला दिसते ते केवळ चित्र. मागाहून लावलेला डिंक, नव्याने पाडलेली छिद्रे किंवा बुजविलेली फाट त्यात कळत नाही. तिकीट हाती घेऊन भिंग, छिद्रमापक व जंबुपार किरण यांनीच तपासावे लागते. म्हणून लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीची तज्ज्ञसमिती (स्थापना १८९४) वा न्यूयॉर्कचे फिलॅटेलिक फाउंडेशन (स्थापना १९४५) यांसारख्या संस्थांची छायाचित्रयुक्त प्रमाणपत्रे मागितली जातात. त्यांच्याही नकला होत असल्याने प्रमाणपत्रावरील क्रमांक संस्थेच्या नोंदींशी व छायाचित्र प्रत्यक्ष तिकिटाशी ताडून पाहावे लागते.