आमगांव आणि पदमपूर

मुंबई-हावडा लोहमार्गानें जाणाऱ्या पुष्कळ श्रोत्यांनीं आमगांव स्टेशन झोपेंतच ओलांडलें असेल. गोंदियाच्या पूर्वेस सुमारें २५ किलोमीटरवर हें गांव लागतें. पुढें सालेकसा, दरेकसा आणि मग डोंगरगड. सकाळच्या गाडीनें कोणी गोंदियास कचेरींत, कोणी दुकानांत, कोणी तांदुळाच्या गिरणींत जातो आणि दिवेलागणीस परततो. अशा मधल्या गांवास इतिहास कसला, असें कोणी म्हणेल.

लोहमार्गाची हकीकत थोडक्यांत आटोपते. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर रुळांचा मार्ग १८८२ सालीं राजनांदगांवास पोहोंचला. १८८७ सालीं निघालेल्या बंगाल-नागपूर कंपनीनें तो घेऊन रुंद केला. १९०३ च्या सुमारास गोंदियाहून सातपुड्याकडे अरुंद मार्ग निघाला. गोंदियाचें जंक्शन झालें, आणि व्यापार तिकडे वळला.

परंतु आमगांवालगतचें पदमपूर याहून फार जुनें. महाकवि भवभूति आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेंत सांगतो कीं, दक्षिणापथांत, विदर्भामध्यें पद्मपुर नांवाचें नगर आहे. तेथील काश्यपगोत्री, तैत्तिरीय शाखेच्या उदुंबर ब्राह्मणांच्या कुळांत आपण जन्मलों. पिता नीलकंठ, माता जातूकर्णी. कल्हणाच्या राजतरंगिणीप्रमाणें हा कवि कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरीं होता, म्हणजे आठव्या शतकांतला. पण हें पद्मपुर कोणतें?

तें आमगांवजवळचेंच पदमपूर होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. आतां नुसतें नामसादृश्य हें दुबळें प्रमाण. आमच्या या तळ्यांच्या मुलुखांत कमळांना काय तोटा! खरा आधार ताम्रपटाचा आहे. दुर्गकडील भागांत सांपडलेल्या एका अपूर्ण वाकाटक ताम्रपटांत तो पद्मपुराहून दिल्याचा उल्लेख येतो. वाकाटकांची सत्ता भवभूतीच्या सुमारें दोन शतकें आधींच मावळली होती. तेव्हां त्या काळींही पद्मपुर हें राजाज्ञा जेथून सुटावी असें स्थान होतें, एवढें निश्चित ठरतें. आणि दुर्ग येथून फार दूर नाहीं. ताम्रपट हा हातांतून हातांत जाणारा जिन्नस, तो वाटेल तितका प्रवास करूं शकतो, हा आक्षेप खोटा नव्हे. तथापि नांव, प्रदेश आणि ताम्रपट हीं तिन्हीं एकाच बाजूस झुकतात, म्हणून मिराशींचें मत मला ग्राह्य वाटतें.

आमगांवच्या महाविद्यालयास भवभूतीचेंच नांव आहे. चाकरमाने गोंदियाची गाडी धरतात, तेव्हां आसपासच्या खेड्यांतलीं मुलें तेथें शिकावयास येतात.