ठराव सर्वानुमते मंजूर

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. खरं तर आपला इतिहास सचिवांच्या अहवालात आलेलाच आहे. नोंदणी, बोअरवेल, पाण्याची टाकी, रंगकाम, गणेशोत्सव, सगळं त्यात आहे. सोसायटी नोंदली तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला आणि जिल्ह्याचं मुख्यालय आपल्या कोळगावातच आलं. तेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मी जरा वेगळा इतिहास लिहायचं ठरवलं. आपल्या प्रत्येक इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं एक वाक्य असतं. चारजणांनी एकत्र बसून ठरवायची ही रीत आपल्याकडे कशी रुजली, कुठे टिकली आणि कुठे नुसती कागदावर उरली, त्याची ही हकीकत.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. कर्जाच्या फायली पाहताना एक गोष्ट लक्षात आली, की धंदा कोणताही असो, माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना अडतो तो बहुधा निर्णयापाशी. हल्ली व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पुरवठा साखळी, सहभागी निर्णय असे शब्द येतात. शब्द नवे असले तरी गोष्ट आपल्याकडे जुनी आहे.

कायदा आणि पहिलं घर

सहकाराचा पहिला कायदा 1904 साली आला. तो फक्त पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही दार उघडलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1915 साली, मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर तल्मकी होते. पुढे 1925 चा मुंबईचा कायदा आणि नंतर 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. आपलं नोंदणीपत्र या शेवटच्या कायद्याखालचं आहे.

या सगळ्या कायद्यांत एक सूत्र कायम राहिलं: एक सभासद, एक मत. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचा आवाज मोठा. इथे तसं नाही. आपल्याकडे एका खोलीचा सभासद आणि तीन खोल्यांचा सभासद सभेत सारखेच. हे आज आपल्याला साधं वाटतं, पण पैशाच्या व्यवहारात पैशाला मत न देता माणसाला मत द्यायचं, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

प्रवरेचा ऊस

महाराष्ट्रात या सूत्राची खरी परीक्षा झाली ती अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर). भंडारदरा धरणामुळे प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. पण उसाचा गूळ करायचा आणि बाजारात अडत्या देईल तो भाव घ्यायचा, अशी शेतकऱ्यांची स्थिती होती. जवळपास खासगी साखर कारखाने होते. तिथेही भाव ठरवणारा एकच, तो म्हणजे घेणारा.

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 साली गावात सहकारी पतपेढी काढली होती. 1945 साली बेलापूर रोडला बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःच कारखाना काढावा, या विचाराने तिथे जोर धरला. वैकुंठभाई मेहता त्या सुमारास मुंबई सरकारात अर्थ आणि सहकार खात्याचे मंत्री झाले, त्यांचाही पाठिंबा मिळाला. विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करत होते. 1950-51 च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक शेतकरी!

हा भाग शाळेच्या पुस्तकातही येतो. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ऊस तोडला की त्याचं वजन आणि त्यातली साखर उतरू लागते. तोडल्यापासून साधारण चोवीस तासांत तो गाळला गेला पाहिजे. पण कारखान्याची रोजची गाळपाची ताकद ठरलेली असते. समजा, हजार शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात ऊस तोडला, तर निम्मा कारखान्याच्या फाटकावर वाळेल. आणि कोणीच तोडला नाही, तर कारखाना बंद पडेल. म्हणजे प्रश्न भावाचा तर आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न पाळीचा आहे. आधी कोणाचा ऊस जाणार?

सहकारी कारखान्याने यावर तोडणी कार्यक्रम काढला. लागवड झाली की शेतकरी शेतकी विभागाकडे उसाची नोंद करतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशी वर्गवारी होते. लागवडीच्या तारखेनुसार पाळी लागते आणि त्याप्रमाणे टोळी फडात येते. सभासदाने आपला ऊस कारखान्यालाच द्यायचा आणि कारखान्याने सभासदाचा सगळा ऊस घ्यायचा, असं दोन्ही बाजूंचं बंधन. पाळीचे नियम हंगामाआधी ठरतात. हंगाम सुरू झाल्यावर फडात उभं राहून कोणी वाद घालायचा नसतो. निदान घालू नये, अशी अपेक्षा असते!

सातपाटीचं पापलेट

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्रातली, किंबहुना देशातली, पहिली मच्छीमार सहकारी संस्था म्हणून 1913 सालच्या कर्ला मच्छीमार संस्थेचं नाव घेतात. ती रत्नागिरीकडची. आपल्या पालघरजवळच्या सातपाटीत मच्छीमारांच्या दोन जुन्या सहकारी संस्था आहेत. सातपाटीचं पापलेट मुंबईच्या बाजारातच नव्हे, तर परदेशातही जातं.

मासा उसाहून नाजूक. ऊस एक दिवस तरी थांबतो, मासा बर्फाशिवाय काही तासही थांबत नाही. बोट बंदराला लागली की नाखवाला माल विकण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि व्यापाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. एकेकटा नाखवा घासाघीस करायला उभा राहिला, तर पाण्यातला राजा काठावर भिकारी होतो.

म्हणून सातपाटीत पापलेटचा भाव किनाऱ्यावर ठरत नाही. संस्था आणि व्यापारी हंगामासाठी बसून तो ठरवतात. सुपर, एक नंबर, दोन नंबर अशी वजनावरून प्रतवारी आणि प्रत्येक प्रतीचा किलोचा दर. माल संस्थेच्या काट्यावर जातो. बर्फ, डिझेल यांची सोयही संस्थेमार्फत. बोट रात्री आली काय नि पहाटे आली काय, त्या दिवशी भावाची चर्चा नाही. ती आधीच झालेली असते.

पण इथे आणखी एक अवघड निर्णय येतो, तो म्हणजे काय पकडायचं नाही. जाळ्याचा आस लहान ठेवला तर पापलेटची पिल्लंही येतात. आज चार पैसे जास्त मिळतात आणि दोन वर्षांनी सगळ्यांचीच जाळी रिकामी येतात. एका बोटीने संयम पाळून उपयोग नाही. दुसरीने तीच पिल्लं उचलली, तर पाळणारा मूर्ख ठरतो. हा निर्णय सर्वांनी मिळूनच घ्यावा लागतो, आणि तोही एका गावाने घेऊन पुरत नाही, साऱ्या किनाऱ्याने घ्यावा लागतो. पावसाळ्यातली मासेमारी बंदी सरकारी आहे, पण तिचा जीव पाळणाऱ्यांच्या एकजुटीत आहे. 2023 साली सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. मान मिळाला, आता मासा राहायला हवा.

जंगलातले कूप

आपल्या जिल्ह्याची दुसरी बाजू डोंगराची. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, विक्रमगड. इथलं लाकूड आणि कोळसा मुंबईला जात असे. जंगलाच्या तोडीला काढलेल्या तुकड्याला कूप म्हणतात. कुपांचे लिलाव व्हायचे, ठेकेदार ते घ्यायचे आणि आदिवासी मजूर मिळेल त्या मजुरीवर राबायचे. 1945 साली वारली उठावाने वेठबिगारी आणि मजुरीचा प्रश्न साऱ्या देशासमोर आणला. गोदावरी परुळेकरांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. 1947 पासून बाळासाहेब खेर यांच्या सरकारने ठाणे जिल्ह्यात जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू केल्या. कूप ठेकेदाराला न देता मजुरांच्याच सोसायटीला द्यायचं, अशी कल्पना.

कल्पना फार चांगली होती. मधला ठेकेदार गेला आणि मजुरी सुधारली. पण हिशेब ठेवणं, वनखात्याशी पत्रव्यवहार, मालाची विक्री ही कामं शिकलेल्या कार्यकर्त्यांकडे आणि पुरस्कर्त्या संस्थांकडे राहिली. सभासद अंगठा उठवायचा आणि निर्णय दुसरा कोणीतरी घ्यायचा, अशी टीका या सोसायट्यांवर पुढे अनेकांनी केली. मत होतं, पण कागद वाचता येत नव्हता. मत आणि माहिती या दोन्ही गोष्टी सोबत लागतात, हा धडा आपल्याच जिल्ह्याने दिला आहे.

बिघडतं कुठे

मुंबईचे डबेवाले आपण लोकलने जाताना कित्येकदा पाहिले. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. मुकादमाच्या हाताखाली गट, गटाचा हिशेब गटात आणि डब्यावर रंग-अक्षरांची खूण. दादर स्टेशनवर डबे बदलताना मी त्यांना कधी चर्चा करताना पाहिलं नाही. चर्चा आधी आणि आपसांत, कामाच्या वेळी फक्त काम.

या चारही गोष्टींत एक धागा आहे. माल थांबत नाही, म्हणून निर्णय आधी घ्यावा लागतो. आणि आधी घेतलेला निर्णय सगळे पाळतात, कारण तो घेताना ते तिथे होते. नियम वरून आला की त्यातून पळवाट शोधली जाते. आपण स्वतः बसून केलेला नियम मोडताना शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

आता बिघाडाचं. महाराष्ट्रातले कितीतरी सहकारी कारखाने आजारी पडले, काही विकले गेले. दुष्काळ, साखरेचे पडलेले भाव, कर्ज ही कारणं आहेतच. पण जिथे खुर्ची एकाच घरात राहिली आणि वार्षिक सभा ही टाळ्या वाजवण्याची जागा झाली, तिथे चुका वेळेवर दिसल्याच नाहीत. नोकरीत असताना एका पतसंस्थेचे कागद माझ्यापुढे आले होते. सभेचं इतिवृत्त सुरेख टाइप केलेलं होतं. प्रत्येक ठराव सर्वानुमते मंजूर! बारकाईने पाहिलं, तर इतिवृत्तावरची तारीख सभेच्या आदल्या दिवसाची. ती संस्था पुढे बुडाली आणि तिच्यातले ठेवीदार बहुतेक निवृत्त माणसं होती. एकाही ठरावाला विरोध नाही, हे संस्थेच्या तब्येतीचं लक्षण असेलच असं नाही. कधी कधी ते सभेला कोणी आलंच नव्हतं याचं लक्षण असतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. कारखान्याचा सभासद शेतकरी. पण ऊस तोडायला येतो बीडकडचा मजूर. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन ते सहा महिने फडात राहतात. पाळी ठरवणाऱ्या सभेत त्यांना कधीच जागा नव्हती. एवढ्या मोठ्या सहकाराच्या इमारतीतली ही खोली रिकामीच राहिली.

आपलं काय?

आपली सोसायटी ना ऊस गाळते, ना मासे विकते. पण टाकीतलं पाणीही कोणासाठी थांबत नाही, आणि समुद्राची खारी हवा आपल्या इमारतीच्या लोखंडाला सुट्टी देत नाही. येत्या काही वर्षांत मोठ्या दुरुस्तीचा निर्णय घ्यावा लागेल. कोणी म्हणेल गच्ची आधी, कोणी म्हणेल पाइपलाइन. वरच्या मजल्याला गळती, खालच्याला दुर्गंधी. प्रत्येकाचं दुःख खरं आहे, पण पैसा एकच आहे. इथे प्रवरेची पाळी आठवावी. काम सुरू व्हायच्या आधी क्रम ठरवायचा, तो ठरवायचे नियम लिहून काढायचे आणि मग मध्येच ओळख लावायची नाही.

आपल्या उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची सूचना चौदा दिवस आधी मिळते आणि सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. गेल्या काही वर्षांत आपली सभा बहुधा गणपूर्तीअभावी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी हजर असतील तेवढ्यांवर सुरू होते. हे नियमाला धरून आहे, पण चांगलं नाही. दहा-बारा डोकी साऱ्या इमारतीचं ठरवतात आणि उरलेले नंतर जिन्यात कुरकुर करतात. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवणं म्हणजे मत देणं नव्हे. जंगल सोसायटीतल्या अंगठ्याची आठवण ठेवा!

माझ्या तीन सूचना आहेत. सभेच्या सूचनेसोबत हिशेबाचा एक पानाचा गोषवारा प्रत्येक घरात जावा, म्हणजे मतासोबत माहितीही येईल. दर वर्षी निदान एका नव्या सभासदाला समितीत घ्यावं. तिशी-चाळिशीतली मंडळी पुढे आली, तर आम्ही म्हातारे आनंदाने मागच्या रांगेत बसू. आणि ज्या निर्णयाचा भार आपल्या वॉचमनवर किंवा सफाई करणाऱ्या बाईंवर पडणार आहे, तो घेण्याआधी त्यांना एकदा विचारावं. त्यांना मत नाही, पण तोंड आहे, आणि पाण्याची मोटर कधी जळते हे आपल्या सर्वांपेक्षा वॉचमनला जास्त कळतं.

पंचवीस वर्षांपूर्वी जे सभासद होते, त्यांच्यापैकी काही आज आपल्यात नाहीत. त्यांनी एकमेकांना फारसं न ओळखता पहिल्या ठरावावर सह्या केल्या. पुढच्या पंचवीस वर्षांतही इतिवृत्तात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं येत राहो. मात्र त्याआधी एखादी ओळ ‘बरीच चर्चा झाली’ अशीही असू द्या.