सुनेची सुट्टी कुठे गळाली?

१९९९ साली केंद्राने ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. त्यात एक साधी गोष्ट होती: घरच्यांना बाहेर जायचं असेल तर आजी-आजोबांना थोडे दिवस ठेवता येईल, अशा सोयींना पाठबळ देऊ. पुढच्याच वर्षी जपानने काळजी विमा सुरू केला आणि ही सोय त्यात बसवली. आपल्याकडे २००७ चा कायदा आला. पोटगी आली, आईवडिलांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद आली, जिल्ह्याला एक वृद्धाश्रम आला (तोही निराधारांसाठी, कागदावर). रात्रंदिवस अंथरुणाशी बसणाऱ्या सुनेची सुट्टी मात्र गळाली. माहेरचं लग्न असलं तरी बिचारी अक्षता टाकून परत. अशा घरांना वृद्धाश्रम नकोय, आठवडाभरापुरती एक खाट हवीय. आपल्या तालुक्यात कुठे आहे का? माहीत असेल तर कळवा.