जुन्या मस्टँगचा मूळ मागचा ॲक्सल वाढीव ताकदीचे इंजिन पेलतो का?

फोर्ड कंपनीने 17 एप्रिल 1964 रोजी अमेरिकेत मस्टँग ही मोटार बाजारात आणली. पहिल्या काही वर्षांतल्या मस्टँग आजही मोठ्या हौसेने दुरुस्त करून चालवल्या जातात. त्यांत जास्त ताकदीचे इंजिन बसवायचे ठरले की पहिला प्रश्न येतो मागच्या ॲक्सलचा. तो आहे तसा ठेवावा की बदलावा? बदलायचा तर खर्च मोठा असतो आणि गाडीचे मूळपणही कमी होते. न बदलता तो भर रस्त्यात तुटला तर गाडी जागीच थांबते, मागचे चाक जाम झाल्यास अपघातही होऊ शकतो.

याचे उत्तर केवळ इंजिनाच्या अश्वशक्तीवरून मिळत नाही. गाडीत मुळात कोणता ॲक्सल आहे, गिअरबॉक्स कोणता आहे आणि टायर रस्त्याला किती पकड धरतात, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

मस्टँगमधले तीन ॲक्सल

हे ॲक्सल त्यांच्या क्राउन गिअरच्या व्यासावरून ओळखले जातात.

सव्वासात इंची: सहा सिलिंडरच्या गाड्यांत हा ॲक्सल असे. सुरुवातीच्या अशा गाड्यांची चाके चार नटांची होती.

आठ इंची: 289 घनइंची व्ही-8 इंजिनाच्या सर्वसाधारण गाड्यांत हा असे. चाके पाच नटांची.

नऊ इंची: 271 अश्वशक्तीच्या खास 289 इंजिनाला आणि 1967 पासून आलेल्या 390 घनइंची इंजिनाला कंपनीने हा ॲक्सल दिला. यात पिनियनच्या टोकाला आधार देणारे एक जादा बेअरिंग असते. त्यामुळे भार आला तरी पिनियन क्राउन गिअरपासून सहसा दूर ढकलला जात नाही.

म्हणजे जास्त जोराच्या इंजिनाला मोठा ॲक्सल लागतो, हे कंपनीने स्वतःच ठरवून ठेवले होते.

ओळखायचा कसा?

सव्वासात इंची ॲक्सलला मागच्या बाजूला झाकण असते. आठ आणि नऊ इंची ॲक्सलची मागची बाजू गोल आणि बंद असते, त्यांचा डिफरन्शिअलचा गाभा पुढून बाहेर निघतो. या दोघांतला फरक कळण्यासाठी गाभ्याचे नट पाहावेत. आठ इंची ॲक्सलच्या सगळ्या नटांवर सॉकेट पाना सरळ बसतो. नऊ इंचीच्या खालच्या दोन नटांवर तो बसत नाही, तिथे साधा पाना लागतो. गाडी साठ वर्षे जुनी असल्याने मधल्या काळात ॲक्सल बदललेला असू शकतो. म्हणून कागदपत्रांपेक्षा प्रत्यक्ष तपासणीवर भरवसा ठेवावा.

भार कसा वाढतो?

ॲक्सलच्या पिनियनवर येणारा टॉर्क म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचे प्रमाण. 1965 च्या 200 अश्वशक्तीच्या 289 इंजिनाचा टॉर्क सुमारे 382 न्यूटन-मीटर होता. पहिल्या गिअरचे प्रमाण 2.78 असेल तर पिनियनवर सुमारे 1062 न्यूटन-मीटर येतात.

आता इंजिन सुधारून टॉर्क 434 न्यूटन-मीटरपर्यंत नेला, तर हा आकडा सुमारे 1206 होतो. वाढ साधारण 14 टक्के. पण त्याच वेळी पहिल्या गिअरचे प्रमाण 3.35 असलेला पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवला, तर तो सुमारे 1454 वर जातो. एकूण वाढ 37 टक्के. इंजिनावर लक्ष ठेवणारे अनेकजण गिअरबॉक्सचा हा हिशेब विसरतात.

टायरची भूमिका

मात्र हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. इतका भार ॲक्सलवर येण्यासाठी चाकांनी रस्ता घट्ट धरायला हवा. ढोबळ हिशेब असा: गाडी जोरात सुटताना मागच्या चाकांवर सुमारे 700 किलो वजन, साध्या टायरचा घर्षण गुणांक 0.8 आणि टायरची त्रिज्या 0.31 मीटर धरली, तर चाके सुमारे 1700 न्यूटन-मीटरला घसरू लागतात. ॲक्सलचे प्रमाण 3.00 असेल तर त्या क्षणी पिनियनवर जेमतेम 570 न्यूटन-मीटर असतात. साधा टायर जणू फ्यूजचे काम करतो, ॲक्सल तुटण्याआधी तो घसरतो.

शर्यतीचे मऊ, रुंद टायर लावले की हा फ्यूज निघून जातो. मग इंजिन तेच असले तरी पूर्ण जोर दात, स्प्लाइन आणि हाफ शाफ्टवर येतो. क्लच एकदम सोडण्याचा झटका याहून वाईट. एक चाक घसरत फिरत असताना अचानक पकड धरते, तेव्हा डिफरन्शिअलमधले छोटे गिअर फुटण्याचा धोका असतो.

मग निर्णय काय घ्यावा?

सव्वासात इंची ॲक्सल व्ही-8 इंजिनासाठी ठेवू नये. सहा सिलिंडरच्या 200 घनइंची इंजिनाचा टॉर्क सुमारे 258 न्यूटन-मीटर होता, साधे 289 त्याच्या जवळपास दीडपट टॉर्क देते.

आठ इंची ॲक्सल सुस्थितीत असेल, इंजिनातली सुधारणा बेताची असेल आणि गाडी साध्या टायरवर, रस्त्यावरच चालवायची असेल, तर तो ठेवायला हरकत नाही.

शर्यतीचे टायर, वारंवार जोरात सुटणे किंवा मोठे इंजिन, यांपैकी काहीही ठरले असेल तर नऊ इंची ॲक्सल घ्यावा. तो घेताना हाफ शाफ्टच्या स्प्लाइन मोजाव्यात. 28 पेक्षा 31 स्प्लाइनचा शाफ्ट जाड आणि मजबूत असतो.

आधी तपासणी

आठ इंची ॲक्सल ठेवायचा असला तरी गाभा बाहेर काढून पाहावा. क्राउन-पिनियनचे दात झिजलेत का, त्यांच्यात ढिलाई आहे का, हाफ शाफ्टच्या स्प्लाइनना पीळ पडलाय का, हे बघावे. चाकांचे बेअरिंग आणि ऑइल सील नवे घालावेत. मागच्या पाट्या थकल्या असतील तर जोर आल्यावर त्या वळतात आणि चाके उड्या मारू लागतात. हे धक्केही ॲक्सललाच सोसावे लागतात. जोर वाढवताना ब्रेकही त्याच प्रमाणात सुधारावेत.

ॲक्सल बदललाच तर जुना भंगारात देऊ नये, जपून ठेवावा. पुढे गाडी मूळ रूपात आणायची झाली, तर तोच लागेल.