दहा हजारांत एक चाल

गो हा चीनमध्ये जन्मलेला, अडीच हजारांहून अधिक वर्षांचा पटावरचा खेळ. एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा. त्यांच्या ३६१ छेदांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून प्रदेश घेरायचा. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवले, तरी गो यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे असेच जाणकार मानत. इथे नुसत्या मोजदादीने भागत नाही, नजर लागते.

ती नजर लंडनच्या डीपमाइंड कंपनीने अल्फागोला दिली, तीही माणसांचेच हजारो डाव दाखवून. मार्च २०१६मध्ये सोल शहरात कोरियाचा नामवंत खेळाडू ली सेडोल त्याच्यासमोर बसला. दुसऱ्या डावातली यंत्राची ३७वी चाल समालोचकांना चूकच वाटली. माणूस ती खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक, असा यंत्राचाच हिशेब होता. तीन डाव गमावलेल्या लीने चौथ्या डावात ७८वी चाल खेळली. तिची शक्यताही यंत्राने तेवढीच धरली होती. तो डाव लीने जिंकला. सामना मात्र ४-१ असा यंत्राचा झाला.

२०१७मध्ये माणसांचा एकही डाव न पाहता शिकलेल्या अल्फागो झीरोने लीला हरवणाऱ्या अल्फागोचा १००-० असा पराभव केला. शागिर्दाला आता उस्तादाची गरज उरली नव्हती. २०१९मध्ये ली निवृत्त झाला. यंत्राला हरवणे शक्य नाही, हे त्याने दिलेले कारण.

आज व्यावसायिक खेळाडू यंत्राकडून चाली शिकतात. खेळ टिकला, पण हुनरावर जगणाऱ्याचा मान कशावर टिकावा, हा लीचा सवाल आता गोच्या पटापुरता राहिलेला नाही.