उड्डाणाची बखर आणि उड्डाणाचा अस्सल कागद

माळव्यात येऊन ज्यांच्या अनेक पिढ्या लोटल्या, त्या मराठी घराण्यांना कागदाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. होळकर दरबारची एखादी सनद, इनामाचा एखादा हुकूम, मोडीत लिहिलेली एखादी वंशावळ अजूनही काही घरांतील पेटीत तळाशी जपलेली आढळते. खजराना हे एके काळी इंदूरबाहेरचे गाव. आज ते शहराने पोटात घेतले आहे. शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहतात, तेव्हा हद्द कोणाची आणि हक्क कोणाचा याचा निवाडा वडिलधाऱ्यांच्या आठवणीवर होत नाही, कागदावर होतो. बिघाभर जमिनीसाठी आपण जो पुरावा मागतो, तो आकाशासाठी मात्र मागत नाही. या विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, हा या लेखाचा हेतू आहे.

विमानाचा विषय निघाला की मराठी मंडळींत शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा. ते मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील, जे. जे. कलाशाळेशी त्यांचा संबंध होता आणि वैदिक वाङ्मयाचा त्यांना ध्यास होता. १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे मनुष्यविरहित विमान उडविले, ते पंधराशे फूट उंच गेले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड महाराज त्या वेळी हजर होते आणि विमान पाऱ्याच्या शक्तीवर चालत होते, असे सांगितले जाते. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी मराठी माणूस आकाशात पोहोचला, ही कल्पना कोणाला सुखावणार नाही?

परंतु उड्डाणाच्या कोणत्याही कथेला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो असा: शक्ती कोठून आली? हवेपेक्षा जड वस्तू हवेत तोलून धरायची, तर दर क्षणाला काही शक्ती खर्च करावीच लागते. ती किमान किती लागते, हे ज्यांनी सर्वांत बारकाईने मोजले ते लोक इंजिनवाले नव्हेत. केवळ माणसाच्या स्नायूंच्या बळावर उडू पाहणारे ते लोक होत. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे असतात तोच हिशेब चोख ठेवतो. मानवी शक्तीवर चालणाऱ्या विमानांचा इतिहास म्हणूनच तळपद्यांच्या कथेकडे पाहण्यासाठी उत्तम मोजपट्टी ठरतो.

पंख बांधून उडण्याचे स्वप्न पुरातन आहे. लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस पंख हलविणाऱ्या यंत्रांची चित्रे काढली. पुढे बोरेली या इटालियन पंडिताने प्राण्यांच्या हालचालींवर ग्रंथ लिहिला. तो १६८० साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध होऊ लागला. पक्ष्याच्या देहात छातीच्या स्नायूंचा वाटा फार मोठा असतो, माणसाच्या देहात तो फारच थोडा. तेव्हा हातांना पंख बांधून माणूस उडणे शक्य नाही, असा निर्वाळा त्याने दिला. तो हातांपुरता खराच ठरला. माणसाचे खरे बळ मांड्यांत आहे, आणि ते वापरण्याचे साधन एकोणिसाव्या शतकात सायकलच्या रूपाने हाती आले. पंख फडफडविण्याचा नाद सोडून पायांनी पंखा फिरवावा, ही वाट तेथून खुली झाली.

तरीही ती वाट बिकट होती. १९१२ साली फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीने केवळ दहा मीटरच्या उड्डाणासाठी बक्षीस ठेवले, आणि ते जिंकायला १९२१ साल उजाडले. गाब्रिएल पूलँ या सायकलपटूने जमिनीवर वेग घेऊन पंख लावलेल्या सायकलसह ते अंतर हवेत कापले. ते उड्डाण म्हणजे खरे तर लांब उडीच होती. १९३५ साली जर्मनीत हेसलर आणि विलिंगर यांचे यंत्र २३५ मीटर गेले, पण ते ताणलेल्या रबराच्या साहाय्याने हवेत फेकावे लागले होते. स्वतःच्या बळावर जमीन सोडणे आणि हवेत टिकून राहणे, या दोन्ही गोष्टी अजून दूर होत्या.

यातील अडचण आकड्यांत पाहू. कसलेला सायकलपटू बराच वेळ देऊ शकेल अशी शक्ती साधारण एक तृतीयांश अश्वशक्ती, म्हणजे २५० वॉटच्या आसपास असते. ६० किलो वजनाच्या माणसाने दर सात सेकंदांना एक मजला, म्हणजे तीन मीटर, जिना चढत राहावे, आणि तेही न थांबता, इतके हे श्रम आहेत. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाचे इंजिन सुमारे बारा अश्वशक्तीचे होते. त्याच्या छत्तिसाव्या हिश्श्यात माणसाला उडायचे होते.

उपाय दोन. पहिला म्हणजे पंख लांब करणे. पंख हवा खाली लोटतो म्हणून विमान वर राहते. लांब पंख पुष्कळ हवेला हळुवार लोटतो, आखूड पंखाला थोड्या हवेला जोराने लोटावे लागते आणि त्यात शक्ती वाया जाते. वजन आणि वेग तेच ठेवून पंखांचा विस्तार दुप्पट केला, तर या कामी जाणारी शक्ती चौथाईवर येते. दुसरा उपाय म्हणजे सावकाश उडणे. हवेच्या घर्षणापायी खर्चणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की ती एक अष्टमांश होते. म्हणजे पंख प्रचंड हवेत, वेग अल्प हवा आणि वजन जवळजवळ नसल्यासारखे हवे. या तीन अटी एकमेकींच्या वैरिणी आहेत, कारण मोठा पंख म्हटला की वजन आलेच.

१९५९ साली हेन्री क्रेमर या ब्रिटिश उद्योगपतीने पाच हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. अर्धा मैल अंतरावरील दोन खुणांभोवती इंग्रजी आठच्या आकाराची फेरी मारायची, आणि आरंभी व शेवटी दहा फूट उंची गाठायची. निवाडा रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या निरीक्षकांनी करायचा. ९ नोव्हेंबर १९६१ रोजी साउदॅम्प्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या 'सम्पॅक' या विमानाने डेरेक पिगट यांच्या पायांच्या बळावर जमीन सोडली आणि ६४ मीटर अंतर कापले. बाहेरच्या मदतीविना झालेले, अधिकृतपणे नोंदलेले हे पहिले मानवचलित उड्डाण होय. पुढच्याच वर्षी, २ मे १९६२ रोजी, हॅटफील्डच्या 'पफिन'ने ९०८ मीटर अंतर गाठले. पण ही विमाने सरळ जात. वळणे त्यांना साधेना. बक्षिसाची रक्कम १९७३ साली पन्नास हजार पौंडांवर गेली आणि स्पर्धा सर्व देशांना खुली झाली, तरी ते कोणाच्या हाती लागेना.

ते लागले पॉल मॅक्रेडी या अमेरिकन अभियंत्याच्या. मॅक्रेडी १९५६ सालचे ग्लायडिंगचे जगज्जेते. एका नातलगाच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. ते कर्ज अंगावर आले आणि त्याची रक्कम क्रेमर बक्षिसाएवढीच असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचा हिशेब सरळ होता: हँग ग्लायडरची लांबी-रुंदी तिप्पट करावी आणि वजन होते तेवढेच राखावे, म्हणजे लागणारी शक्ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यांच्या 'गॉसमर काँडर'चे पंख सुमारे २९ मीटर लांब होते आणि सारे विमान सुमारे ३२ किलोचे. तुलनेसाठी सांगायचे तर छोट्या शहरांकडे जाणाऱ्या एटीआर ७२ या प्रवासी विमानाचे पंख २७ मीटरांचे असतात आणि भरल्यावर त्याचे वजन बावीस टनांवर जाते. काँडरचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पातळ नळ्यांचा होता. तो तारांनी ताणून धरलेला असून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चढविला होता. संक्रांतीच्या पतंगाचाच तो थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही.

मॅक्रेडी यांचे खरे चातुर्य दुरुस्तीत होते. इंग्लंडमधील विमाने सुताराच्या कसबाने घडविलेली. एकदा आपटली की महिनोन्महिने जागेवर बसत. काँडर वारंवार आपटे, पण चिकटपट्टी आणि नळीचा तुकडा लावून लवकरच पुन्हा उभे राही. म्हणून थोड्या काळात पुष्कळ प्रयोग झाले आणि वळणाचे कोडेही सुटले. इतक्या लांब आणि मंद पंखाचे आतील टोक वळताना जवळजवळ थांबते आणि विमान त्या बाजूला कलंडू लागते. पंखाला किंचित पीळ देऊन आणि पुढच्या छोट्या पंखाला तिरपे करून ते सावरले गेले. २३ ऑगस्ट १९७७ रोजी कॅलिफोर्नियातील शाफ्टर येथे ब्रायन ॲलन या सायकलपटूने निरीक्षकांसमक्ष आठचा आकडा पुरा केला. ते विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

१२ जून १९७९ रोजी याच ॲलन यांनी 'गॉसमर अल्बट्रॉस'मधून इंग्लिश खाडी ओलांडली. ३५.८ किलोमीटरला २ तास ४९ मिनिटे लागली. समोरून वारा सुटला, जवळचे पाणी संपले. एक वेळ तर ॲलन यांनी हार मानून नावेकडे दोर मागितला. दोर बांधता यावा म्हणून ते थोडे वर चढले, तो तेथे हवा शांत मिळाली आणि ते पुढे निघाले. २३ एप्रिल १९८८ रोजी कानेलोस कानेलोपूलोस या ग्रीक सायकलपटूने एमआयटीच्या 'डिडॅलस' विमानातून क्रीटपासून सांतोरिनीपर्यंत ११५ किलोमीटर अंतर ३ तास ५४ मिनिटांत कापले. किनारा काही मीटरांवर असताना वाऱ्याच्या झोताने विमान मोडले आणि त्याला पोहत काठ गाठावा लागला. ही मोडतोडही नोंदीत आहे. नामुष्की झाकून ठेवली असती, तर यशावरही कोणी विश्वास ठेवला नसता.

आता चौपाटीकडे परत येऊ. १८९५ साली मनुष्यविरहित यंत्र थोडेफार उडणे अशक्य होते, असे आम्ही म्हणणार नाही. लिलिएन्थाल १८९१ पासून जर्मनीत टेकडीवरून तरंगत होते, आणि त्यांच्या उड्डाणांची छायाचित्रे आहेत. ६ मे १८९६ रोजी लँग्ले यांचे वाफेवर चालणारे मनुष्यविरहित यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे हजार मीटर गेले. त्याचे छायाचित्र अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टिपले. तळपदे यांच्या प्रयोगाचे मात्र असे छायाचित्र, आराखडा वा अंतराची मोजदाद आजवर पुढे आलेली नाही. पारा हे काही इंधन नव्हे. तो जळत नाही, आणि पाण्याच्या साडेतेरा पट जड आहे. ग्रॅम-ग्रॅम वजन वाचविणाऱ्यांच्या जगात त्याला जागा कोठली? १९७४ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ तपासला. तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि जगाने आपल्याकडे कौतुकाने पाहिले नाही.

तळपदे यांच्याच पिढीत इतिहासाचार्य राजवाडे होऊन गेले. १८९८ सालापासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना त्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदाला वरचे स्थान दिले. बखर त्यांनी फेकून दिली नाही; तिला तिच्या जागी बसविले. तळपदे यांच्या विमानाची कथा ही आज बखर आहे. तिच्यात एका धडपड्या मराठी कारागिराची जिद्द दिसते, आणि तेवढ्यासाठी ती जपण्याजोगी आहे. पण जे सिद्ध झाले नाही ते त्यांच्या नावावर चढविले, तर त्यांचा मान वाढत नाही. त्यांनी खरोखर जे काही केले असेल तेही संशयाच्या धुळीखाली जाते.

ज्या घराण्यांचे गोत मुंबई-गिरगावाकडे आहे, त्यांनी जुन्या पेट्या जरूर धुंडाळाव्यात. १८९५ च्या एखाद्या पत्रात, खर्चाच्या वहीत, रोजनिशीत चौपाटीचा उल्लेख सापडला, तर तो जसा असेल तसा प्रसिद्ध करावा; मग ते यंत्र पंधराशे फूट चढलेले निघो की पंधरा फूट. काँडरने जेमतेम दहा फुटांची उंची गाठली आणि ती नोंदलेली होती म्हणून जगाने मानली. आपल्या बखरीतील पंधराशे फुटांपेक्षा ते दहा फूट अधिक उंच आहेत, हे अस्सल कागद सांभाळणाऱ्या आपल्या समाजाला पटायला कठीण जाऊ नये.